पाचगणीचा पियानोवाला

मंडळी, मेसमध्ये भाजी यायला उशीर झाला की आपल्याकडे टेबलावर जो 'धम धम टाळी' सुरू होतो, तो कुठून आला हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. गाणं 'वी विल रॉक यू', बँड क्वीन, साल १९७७, गायक फ्रेडी मर्क्युरी. पण गंमत म्हणजे हे गाणं फ्रेडीनं लिहिलेलंच नाही. ते ब्रायन मे या गिटारवाल्याचं. आणि त्यात पियानो औषधालाही नाही! त्याच रेकॉर्डवर त्याच्या जोडीला आलेलं दुसरं गाणं म्हणजे 'वी आर द चॅम्पियन्स', जे फायनल जिंकल्यावर जगातल्या कुठल्याही मैदानावर वाजतं. हे मात्र फ्रेडीचं. आणि ते पियानोवर बसून बांधलेलं आहे, हे ऐकताक्षणी कळतं.

मला आज या पियानोबद्दलच लिहायचंय. फ्रेडी म्हटलं की पांढरी बनियन, मिशी आणि हातात अर्धा तुटलेला माइकचा दांडा एवढंच चित्र डोळ्यांसमोर येतं. पोस्टरवर तेच असतं. पण माइकच्या आधी त्याच्या हाताखाली पियानो होता. आणि तो पियानो लंडनमधला नव्हता बरं का. आपल्या महाराष्ट्रातला, पाचगणीतल्या एका होस्टेलचा होता. इथं अवसरीहून मंचर, मंचरहून पुणे, पुढं खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा, वाई आणि पसरणीचा घाट. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला पाचगणीत!

त्याचं खरं नाव फारोख बुलसारा. पारशी घर. बुलसारा म्हणजे मूळचे गुजरातमधल्या बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील बोमी बुलसारा झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. झांझिबार हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं, लवंगांसाठी प्रसिद्ध असलेलं बेट. तिथं ५ सप्टेंबर १९४६ ला फारोख जन्मला. आठेक वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी त्याला शिकायला बोटीत बसवून भारतात पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये.

आठ वर्षं! आपण इथं अठराव्या वर्षी येतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात रात्री पांघरुणात तोंड खुपसून कोण कोण रडतं हे रूम पार्टनरला माहीत असतं (आणि तो सांगत नाही, हा होस्टेलचा अलिखित नियम). आणि आपल्याला शनिवारी एसटीनं घरी जाता येतं. त्या पोराचं घर समुद्रापलीकडे. ना फोन, ना मोबाइल. सुट्टीत बहुतेक वेळा मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचं, आईवडिलांची भेट फार तर वर्षातून एकदा. पाचगणीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर धुक्यात समोरचा सिल्व्हर ओक दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते. तिथं त्या पोराला मित्रांनी दोन नावं दिली. एक 'फ्रेडी', जे त्यानं जन्मभर वापरलं. दुसरं 'बकी', म्हणजे पुढं आलेल्या दातांवरून ठेवलेलं. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जादा होते. पुढं पैसा आल्यावरही त्यानं ते काढले नाहीत, आवाजावर परिणाम होईल म्हणून. म्हणजे होस्टेलनं एक नाव दिलं ते घेतलं, आणि दुसरं दिलं त्याचं कारण आयुष्यभर तोंडात बाळगलं.

या शाळेत तो पियानो शिकला. पियानोची जादा फी आईवडिलांनी भरली. चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा तो पास झाला, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही! (बघा, तिथंही सुटका नव्हती.) चौथी ग्रेड म्हणजे काही फार मोठी मजल नव्हे, मधल्या पायरीच्या अलीकडची. पण त्याची दुसरी शिकवणी वेगळीच चालू होती. रेडिओवर एखादं गाणं ऐकायचं आणि लगेच पियानोवर बसून ते जसंच्या तसं वाजवायचं, ही त्याची खासियत होती असं त्याच्या शाळासोबत्यांनी सांगून ठेवलंय. कागद वाचून वाजवणं त्याला पुढंही फारसं जमलं नाही, हे तो स्वतः मान्य करायचा. कान मात्र पक्का.

आता इथं जरा थांबून पियानोबद्दल बोलायला हवं. आपल्यापैकी बहुतेकांनी पेटी पाहिलेली असते, पियानो नाही. मी गावाकडच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे मला हा फरक फार जाणवतो. दोन्हीकडे पट्ट्या सारख्याच दिसतात, काळ्या-पांढऱ्या. पण आतला कारभार पूर्ण वेगळा. पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला असतो, सूर काढायला राहतो तो एकटा उजवा. हवा पितळी पत्तीवरून गेली की पत्ती थरथरते आणि सूर निघतो. भाता जोरात मारला तर दाबलेले सगळेच सूर एकदम मोठे होतात. एकाला मोठं आणि दुसऱ्याला बारीक करता येत नाही.

पियानोला भाताच नाही. पट्टी दाबली की आत एक तरफ हलते, नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि पट्टी दाबून धरली तरी लगेच मागं येते, नाहीतर तार तिथंच दबून आवाज मरेल. हातोडी किती वेगानं आपटली यावर आवाजाचा लहान-मोठेपणा ठरतो, तोही प्रत्येक बोटाचा वेगळा. ८८ पट्ट्या, सुमारे २३० तारा, आणि या सगळ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात! म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट लागते. मेकॅनिकलवाल्यांनी कधी उघडा पियानो बघायला मिळाला तर सोडू नये. दमट हवेत लाकूड फुगतं, सूर हलतो, त्यामुळे पाचगणीसारख्या ठिकाणी असा पियानो सुरात ठेवणं हे एक कामच असणार.

मुद्दा असा की पियानोवाल्याचा डावा हात मोकळा असतो. तो खर्जात दुसरंच काहीतरी वाजवत राहतो. म्हणजे लहानपणापासून बसणाऱ्या पोराच्या डोक्यात गाणं एका ओळीसारखं येत नाही. खाली पाया, मध्ये सुरांचे जुडगे आणि वर चाल, असं तीन मजली येतं. फ्रेडीची गाणी ऐकताना हे ध्यानात ठेवा. मींड मात्र पेटीवरही नाही आणि पियानोवरही नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर दोन्हीकडे मिळत नाही. तो त्यानं गळ्यातून काढला.

असो. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यानं शाळेत पाच जणांचा बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ते वाजवायचे. लिटल रिचर्ड हा स्वतः पियानोवर तुटून पडणारा गडी, तेव्हा आमच्या बकीला तो का आवडला हे सांगायला नको. या बँडमध्ये फ्रेडी मुख्य गायक नव्हता हे ऐकून मी उडालोच होतो. पुढं उभा राहून गाणारा होता ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर. गिटारवर डेरिक ब्रांच, ड्रमवर व्हिक्टरी राणा आणि बासला फरांग इराणी. बास गिटार तर कुणाकडे नव्हतीच, म्हणून चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी लावून काम भागवलं. खोकं हा रेझोनेटर, काठी मागं ओढली की दोरीचा ताण वाढतो आणि सूर चढतो. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाचा प्रयोग आहे हा! पुढं डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. फरांग इराणी तर पुण्यातच राहिले, कॅम्पात सिझलरचं हॉटेल चालवत. एका होस्टेलच्या पाच पोरांतून काय काय निघालं बघा.

१९६३ ला फ्रेडी झांझिबारला परत गेला. वर्षभरातच, जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, हजारो माणसं मारली गेली. बुलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला पळालं. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नावाच्या उपनगरात लहानसं घर. सतरा वर्षांचा मुलगा, तिसरा देश. पुढं ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून त्यानं ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं, ते १९६९ ला संपलं. विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. १९७० ला रॉजर आणि ब्रायन मेच्या बँडमध्ये तो शिरला, बँडचं नाव 'क्वीन' ठेवलं, स्वतःचं आडनाव 'मर्क्युरी' केलं आणि बँडचा राजेशाही शिक्का स्वतःच्या हातानं काढला. डिझाइनचं शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं.

आता आपल्या कॉलेजसाठी महत्त्वाची गोष्ट. हा बँड म्हणजे निम्मा सायन्स कॉलेजचा स्टाफ होता! ब्रायन मे फिजिक्सवाला. त्यानं आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा वापरून. त्यानं सूर्याभोवतीच्या धुळीवर पीएचडी सुरू केली, बँडपायी सोडली आणि २००७ साली पूर्ण केली. (ज्यांचं एम-थ्री अजून राहिलंय त्यांनी धीर धरावा.) १९७१ ला बासवर आलेला जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सचा फर्स्ट क्लास पदवीधर. त्याला कचऱ्याच्या डब्यात एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्यानं लहान स्पीकरच्या खोक्यात बसवून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर केला. क्वीनच्या रेकॉर्डवर गिटारचा जो व्हायोलिनसारखा ताफा ऐकू येतो त्यातला बराचसा या कचऱ्यातल्या बोर्डातून आलाय. ईटीसीवाल्यांनो, स्क्रॅप टाकू नका!

याच डीकनचा आणि फ्रेडीचा एक किस्सा मला फार आवडतो. डीकननं १९७५ ला 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' नावाचं गाणं लिहिलं आणि ते इलेक्ट्रिक पियानोवर हवं म्हणाला. फ्रेडीनं साफ नकार दिला. त्याला त्या डब्याचा आवाज सहन व्हायचा नाही, खरा तारांचा पियानो असताना हे कशाला, असं त्याचं म्हणणं. मग डीकननं ते वाद्य घरी नेलं, शिकला आणि स्वतः वाजवलं. गाणं हिट झालं. दोघांचंही बरोबर, असं माझं मत.

त्याच अल्बममध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आहे. ५ मिनिटं ५५ सेकंद. मध्येच संथ गाणं, मध्येच ऑपेरा, मध्येच रॉक. पण त्याचा सांगाडा फ्रेडीनं पियानोवर घालून आणला होता. सुरुवातीला जो पियानो येतो तो बघा (व्हिडिओत दिसतो). उजवा हात एका जुडग्याचे सूर सोडत राहतो आणि डावा हात उजव्याच्या वरून पलीकडे जाऊन वरचे दोन सूर टिपून येतो. ऐकायला साधं, पण हात ओलांडायची ही सवय पियानोच्या शिकवणीतली आहे. आता आपल्या भाषेत पट्टी सांगतो. हे संथ गाणं काळी पाचमध्ये सुरू होतं आणि काळी दोनकडे जातं. 'समबडी टू लव्ह' हे १९७६ चं गाणं काळी चारचं. पेटीवाल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण गिटारवाल्याला विचारा! गिटारच्या मोकळ्या सहा तारा या पट्ट्यांत फारशा बसत नाहीत, त्यामुळे सगळे रॉकवाले आपापल्या सोयीच्या पट्टीत गाणी बांधतात. फ्रेडीची गाणी इतरांपेक्षा वेगळी का वाटतात याचं निम्मं उत्तर इथं आहे. ती गिटारच्या गळ्यावर नाही, पियानोच्या पट्ट्यांवर जन्मली. ब्रायन मेला मग त्या अडचणीच्या पट्टीत मार्ग काढावा लागला, आणि त्यानं तो काढला.

रेकॉर्डिंग १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं. ऑपेराच्या भागालाच तीनेक आठवडे गेले. कॉम्प्युटर नव्हता, चुंबकी टेपवर २४ ट्रॅक. त्यात शेकडो माणसांचा कोरस वाटतो, पण गाणारे तिघंच आहेत, फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. एक ओळ गायची, तिच्यावर दुसरी, मग ट्रॅक भरले की चार-सहा ट्रॅक मिसळून एकावर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. प्रत्येक वेळी टेप हेडवरून घासली जाते. शेवटी म्हणे टेपवरचा थर इतका झिजला की उजेडाला धरल्यावर आरपार दिसायचं! आज आपला कुणीही एडिटिंगवाला मोबाइलवर हे तासाभरात करील. पण मोबाइलमध्ये चूक पुसता येते, तिथं टेप झिजत होती.

कंपनीवाले म्हणाले, एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओवाल्यानं शनिवार-रविवारात चौदा वेळा लावलं. इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिला नंबर. १९९१ ला पुन्हा काढलं तर पुन्हा पाच आठवडे.

गंमत म्हणजे एवढं होऊनही फ्रेडी स्वतःला चांगला पियानोवाला मानत नव्हता. स्टेजवर हात चुकेल याची त्याला धास्ती असायची, आणि पियानोवर बसलं की प्रेक्षकांपासून तुटतो ही तक्रार. १९७९ ला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' त्यानं म्युनिकच्या हॉटेलात, अंघोळ करता करता, दहा मिनिटांच्या आत रचलं आणि मुद्दाम गिटारवर, जी त्याला धड येत नव्हती. दोन-तीन जुडगेच येतात म्हणून गाणं साधं राहिलं असं तो म्हणायचा. अमेरिकेत ते पहिल्या नंबरला गेलं. ऐंशीनंतर त्यानं कार्यक्रमांत कीबोर्डसाठी दुसरी माणसं घेतली आणि आपण मोकळा झाला. स्टेजवर पळणारा, नाचणारा जो फ्रेडी आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः हा. मला विचाराल तर त्याच्या गाण्यांतली जुनी गुंतागुंत त्यानंतर कमी झाली. यावर आमच्या विंगमध्ये रात्री दोनपर्यंत भांडण झालंय आणि निकाल लागलेला नाही.

पण १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानात, इथिओपियातल्या दुष्काळासाठीच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात, ७२ हजार लोकांसमोर आल्यावर तो धावत आधी कुठं गेला? पियानोकडे. वर शीतपेयाचे कागदी पेले ठेवलेले, आणि बसल्या बसल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे ते हात ओलांडणारे सूर. मैदान तिथंच खिशात. मग उठला, अर्धा दांडा घेतला आणि पुढची वीस मिनिटं दुसऱ्या कुणाची राहिली नाहीत. विठाबाई नारायणगावकरांच्या मुलखात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, फड कसा ताब्यात घ्यायचा हे रक्तात असावं लागतं.

१९८७ च्या सुमारास त्याला एड्स झाल्याचं निदान झालं. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं, खात्रीचे उपचार १९९६ च्या पुढं आले. शेवटची वर्षं जिम हटन हा त्याचा जोडीदार त्याच्यासोबत होता. आजार त्यानं जगापासून लपवला आणि रेकॉर्डिंग करत राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि २४ ला गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. जगाला फारोख बुलसारा हे नाव खरं तर तेव्हा पुन्हा आठवलं.

भारताबद्दल तो मुलाखतींत फार कमी बोलला, आणि क्वीनचा कार्यक्रम भारतात कधी झाला नाही. २०१८ च्या सिनेमातही पाचगणी जवळपास नाहीच. मला याचं वाईट वाटतं, पण राग येत नाही. आठव्या वर्षी घर सुटलं, सतराव्या वर्षी देश सुटला, त्या माणसानं मागं वळून किती वेळा बघावं हे आपण कोण ठरवणार?

ज्या यामाहा पियानोवर त्यानं १९७५ पासून पुढची बहुतेक गाणी बांधली, तो सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला लिलावात १७ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. लाइट गेले की कॉमन रूममध्ये नको, हेडफोन लावून ऐका. पहिलं 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय', १९७४ चं, फक्त सुरुवातीचे दहा सेकंद, उजव्या हाताची धावपळ. मग 'डोंट स्टॉप मी नाउ', १९७८ चं, ज्यात गिटार जवळजवळ गप्प आहे आणि सगळा गाडा पियानो ओढतो. तिसरं 'समबडी टू लव्ह'. त्यात मात्र आवाजाकडे लक्ष देऊ नका, अवघड आहे, पण देऊ नका. खाली डावा हात काय करतोय तेवढंच धरून बसा.